‘निवेदना’तील नेपाळ : एका निराशेचा फेरविचार

हिमालयात पायी जाऊन आलेल्या माणसाने निराश होऊन परतावे आणि ती निराशा काहीही न सजवता लिहून ठेवावी, अशी उदाहरणे मराठी वाङ्मयात फार थोडी आहेत. हिमालय म्हटला की आमच्या लेखणीला एक ठरावीक भरते येते. बर्फाची शिखरे, देवदारांची वने, मंदिरातील घंटानाद, साधूंच्या धुन्या, आणि या सर्वांच्या शेवटी लेखकाच्या अंतःकरणात उतरलेली शांती, हा क्रम इतका रूढ झाला आहे की प्रवासाला निघण्यापूर्वीच प्रवासवर्णनाचा अखेरचा परिच्छेद लिहून ठेवावा. या पार्श्वभूमीवर धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रातील नेपाळयात्रेचा भाग वाचला म्हणजे वाचक प्रथम थबकतो. पृष्ठे थोडी आहेत. शिखरांचे कौतुक नाही. शांती तर नाहीच. एक तरुण बुद्धधर्माच्या शोधासाठी डोंगर चढून एका खोऱ्यात उतरतो, तेथे आपल्याला हवे ते नाही असे ठरवतो, आणि परत फिरतो. ‘निवेदना’वर लिहिणारे बहुधा या भागावरून चटकन पुढे सरकतात, कारण पुढे सिंहलद्वीप आहे, ब्रह्मदेश आहे, हार्वर्ड आहे. आम्ही मात्र येथे याच निराशेपाशी थांबू इच्छितो. ती खरी होती यात शंका नाही. ती योग्य होती काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कथाभाग जाणकारांस ठाऊकच आहे. तो थोडक्यात सांगून पुढे जाऊ. गोव्यातील सांखवाळ या गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंदांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. घरचे नारळीचे कुळागर सांभाळीत असता ‘बालबोध मेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरील लेख १८९७ साली त्यांच्या वाचनात आला आणि मनाने तेथेच ठाव घेतला. दोन वर्षांनी, १८९९ च्या अखेरीस, पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते गोव्याबाहेर पडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आश्रय, मग इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, आणि अखेर काशी. काशीत अन्नछत्रातील अन्नावर राहून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. बुद्धाचा धर्म अद्याप जिवंत असलेली भूमी म्हणून नेपाळचे नाव त्यांच्या मनात होते. आणि लुंबिनीचा अशोकस्तंभ १८९६ च्या डिसेंबरात नेपाळच्याच तराईत सापडलेला असल्यामुळे त्या काळच्या जिज्ञासूला असे वाटणे स्वाभाविकच होते. १९०२ च्या आरंभी ते त्या वाटेला लागले.

ती वाट सोपी नव्हती. तराईचे अरण्य, भीमफेदीपासून उभी चढण, चिसापानीची गढी, चित्लांग, आणि मग चंद्रगिरीचा घाट: काठमांडूच्या खोऱ्यात शिरण्याचा हा त्या काळचा रुळलेला मार्ग. राण्यांच्या अमलातील नेपाळ परक्यांना बंद असे. पशुपतिनाथाच्या शिवरात्रीच्या यात्रेस मात्र हिंदुस्थानातील लोकांना मोकळीक मिळे. पुढे १९२९ साली राहुल सांकृत्यायन तिबेटात शिरण्यासाठी निघाले तेही याच गर्दीचा आडोसा घेऊन. म्हणजे बौद्ध खोऱ्यात जायचे तर शिवाच्या उत्सवाचे निमित्त करून जायचे, अशी त्या देशाची रीत होती. या योगायोगात नेपाळच्या धर्मजीवनाविषयी बरेच काही सांगितले गेले आहे, असे आम्हांस वाटते. पण ते पुढे.

‘निवेदना’च्या शैलीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कोसंबींचे गद्य निरलंकार आहे, हे तर सर्वच म्हणतात; परंतु निरलंकार लिहिणे आणि निःसंकोच लिहिणे यांत भेद आहे, आणि कोसंबींचा विशेष दुसऱ्या गुणात आहे. स्वतःचे अज्ञान, मनाचा दुबळेपणा, घर सोडताना झालेली ओढाताण, दुसऱ्याच्या दारी जेवण्याची वेळ, यांपैकी काहीही ते झाकीत नाहीत. मराठीत आत्मचरित्रे विपुल आहेत, पण स्वतःविषयी इतकी थोडी वकिली करणारे आत्मचरित्र आम्हांस दुसरे चटकन आठवत नाही. अशा लेखकाने एखाद्या स्थळाविषयी निराशा नोंदवली तर वाचक तीवर सहज विश्वास ठेवतो. नेमका येथेच समीक्षकाने सावध व्हावे लागते. प्रांजळ लेखकाची चूक शोधणे सर्वांत कठीण, कारण त्याने आपल्याला फसवलेले नसते. क्वचित तो स्वतःच एखादी वस्तू पाहू शकलेला नसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ‘निवेदन’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले ते १९२४ साली, म्हणजे प्रवासानंतर २२ वर्षांनी. मधल्या काळात धर्मानंद कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले होते, भिक्षुसंघात राहिले होते, ब्रह्मदेशात जाऊन आले होते, ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाच्या कामासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले होते, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. नेपाळात गेला तो पंचविशीतला, पुष्कळसा अशिक्षित, शोधाने पेटलेला तरुण. आणि नेपाळविषयी लिहिले ते पालीच्या एका अधिकारी पंडिताने. पहिल्याला काय वाटले आणि दुसऱ्याने त्या वाटण्याला कोणता आकार दिला, हे आता वेगळे करून दाखवता येणार नाही. पण त्या पृष्ठांवर दोन माणसे उभी आहेत एवढे तरी वाचकाने विसरू नये.

आता त्या खोऱ्यात होते काय ते पाहू. स्वयंभूपुराणाची कथा अशी की, हे खोरे प्राचीन काळी एक विस्तीर्ण सरोवर होते. विपश्यी बुद्धाने त्यात कमळाचे बीज टाकले; त्यातून सहस्रदल कमळ उगवले आणि त्यावर स्वयंभू ज्योती प्रकट झाली. तिच्या दर्शनाला मंजुश्री आला आणि लोकांना तिच्यापर्यंत पोहोचता यावे म्हणून त्याने चोभारपाशी डोंगराला खड्गाचा घाव घालून पाणी वाहून जाऊ दिले. वस्ती झाली ती त्यानंतर. म्हणजे नेवार लोकांच्या समजुतीप्रमाणे खोऱ्यात स्तूप बांधला गेला असे नव्हे. स्तूपासाठी खोरे निर्माण झाले. अशा भूमीत धर्म ग्रंथात शोधायचा की पायाखाली, हा प्रश्न पाहुण्यास पडावयास हवा होता. नेवार बौद्धांत गृहत्यागी भिक्षू शतकांपूर्वीच नाहीसे झाले होते. वज्राचार्य आणि शाक्य ही पुरोहितकुळे विवाहित राहून ‘बहाल’ म्हणजे जुन्या विहारांच्या चौकांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. बौद्धनाथाच्या स्तूपाभोवती तिबेटी लामांचा राबता असे. पूजेत मद्यमांस, तांत्रिक दीक्षा, देवदेवतांचा पसारा. ज्याने बुद्ध म्हणजे करुणा, विवेक आणि गृहत्याग असे मनात धरले होते, त्याला हे सारे पाहून धक्का बसला, यात नवल ते काय?

नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. ज्या खोऱ्यात अभ्यासण्याजोगे काही नाही असे वाटून कोसंबी परतले, त्याच खोऱ्याने बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासाला युरोपात जन्म दिला होता. ब्रायन हॉजसन हा इंग्रज वकिलातीतील अधिकारी १८४३ पर्यंत काठमांडूत होता. पाटणच्या अमृतानंद पंडिताच्या साहाय्याने त्याने संस्कृत बौद्ध ग्रंथांच्या पोथ्या मिळवल्या आणि त्या कलकत्ता, लंडन, पॅरिस येथे पाठवल्या. युजीन बुर्नूफ या फ्रेंच पंडिताचा १८४४ चा पायाभूत ग्रंथ याच पोथ्यांवर उभा आहे. राजेंद्रलाल मित्रांनी या संग्रहाचा वृत्तान्त १८८२ साली छापला. आणि कोसंबी परतल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९०७ साली, हरप्रसाद शास्त्री यांना नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात चर्यापदांची पोथी मिळाली. १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि बंगाली भाषेचा इतिहास कित्येक शतके मागे गेला. पोथी मिळाली त्या सुमारास कोसंबी कलकत्त्यासच पाली शिकवीत होते. चर्यागीते नेपाळात केवळ पोथीत उरली होती असेही नाही. वज्राचार्यांच्या पूजेत ती गायिली जात होती आणि अजूनही जातात. ज्यांना कोसंबी बुद्धधर्म विसरलेले लोक समजले, त्यांच्या कंठात बौद्ध सिद्धांची परंपरा होती.

हे लिहून आम्ही कोसंबींवर अन्याय तर करीत नाही ना? एका अर्थी करीत आहोत, हे कबूल केले पाहिजे. हॉजसन सरकारी अधिकारी होता. हरप्रसाद शास्त्री मान्यवर पंडित म्हणून दरबाराच्या परवानगीने गेले. काशीच्या अन्नछत्रातून उठून गेलेल्या निर्धन तरुणाला कोणता ग्रंथपाल पोथी काढून दाखवणार होता? वज्राचार्यांची गीते दीक्षितांपुरती. परक्याने ऐकायची नाहीत. शिवाय कोसंबी पोथ्यांसाठी गेलेच नव्हते. त्यांना गुरू हवा होता, आणि तो त्यांना मिळाला नाही. जपानचे एकाइ कावागुची हे भिक्षू त्यांच्या तीन वर्षे आधी याच बौद्धनाथाच्या परिसरात येऊन पुढे तिबेटला गेले. पण ते स्वतः महायान परंपरेत वाढलेले, येथील मूर्ती व मंत्र त्यांच्या ओळखीचे. कोसंबींची तयारी तुकारामांच्या गाथेने आणि एका मासिकातील लेखाने झालेली. ती तयारी कमी प्रतीची होती असे आम्ही म्हणणार नाही. पण स्वयंभूच्या टेकडीवर ती उपयोगी पडणारी नव्हती.

टेकडीचा उल्लेख आला म्हणून एक प्रसंग सांगतो. विषयाशी त्याचा संबंध आहे. ‘निवेदना’तील हा भाग आम्ही काही विद्यार्थ्यांसह वाचीत होतो. त्यांत डिचोली तालुक्यातील शिरगावचा एक मुलगा होता. त्याच्या घरी वडील आणि चुलते लईराई देवीचे धोंड. स्वयंभूच्या स्तूपाची माहिती देताना आम्ही सहज सांगितले की, स्तूपाला लागूनच हारिती देवीचे छोटे देऊळ आहे. नेवार तिला ‘अजिमा’ म्हणजे आजी म्हणतात, ती मुलांना देवीच्या रोगापासून वाचवते अशी श्रद्धा आहे, आणि तिच्यापुढे हिंदू व बौद्ध दोघेही नैवेद्य ठेवतात. त्यावर तो मुलगा म्हणाला, “मग ती आमच्या शितळाईसारखीच की! सर, यांनी तिथे कुणाला विचारले नाही का, ती कुणाची बहीण म्हणून?”

वर्गात हशा पिकला. आम्ही मात्र त्या प्रश्नाने पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. शिरगावात वाढलेल्या मुलाला देवता कोणत्या संप्रदायाची हा प्रश्न सुचत नाही. ती कोणाची बहीण, हा सुचतो. लईराई, केळबाई, महामाया, मोरजाई, अजादीपा, शितळाई, मिराबाई अशा सात बहिणी आणि त्यांचा एक भाऊ खेतोबा. विस्तव आणावयास पाठवलेला भाऊ खेळात रमला म्हणून लईराईने त्याला लाथ मारली. पुढे त्याच रागाच्या पश्चात्तापाने तिने निखाऱ्यांवरून चालण्याचे व्रत घेतले, अशी कथा. केळबाई मुळगावात, महामाया मयेत, मोरजाई पेडण्यातील मोरजीत; आणि मिराबाई म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रीस सायबीण होऊन बसली. धर्म बदलला, नाते बदलले नाही. शिरगावचे तेल आणि म्हापशाची फुले यांची देवाणघेवाण बहिणीबहिणींत चालते असे लोक सांगतात. वैशाख शुद्ध पंचमीला, कित्येक दिवस उपास आणि सोवळे पाळून, हातात रंगीत गोंड्यांची बेतकाठी आणि गळ्यात मोगऱ्याच्या माळा घेतलेले हजारो धोंड तळीत स्नान करतात, रात्री होमकुंड पेटते, आणि पहाटेपूर्वी ते निखाऱ्यांतून चालून जातात. पेडणे, डिचोली, सिंधुदुर्ग अशा दूरदूरच्या गावांतून ते येतात.

काठमांडूचे खोरे आठ मातृकांच्या पीठांनी वेढलेले आहे, आणि शिरगावच्या आसपासची गावे सात बहिणींनी. धर्मानंदांचे बालपण अशाच देवतांच्या गोव्यात गेले. असे असता नेपाळातील देवतांच्या गर्दीत त्यांना ओळखीची खूण पटू नये? आम्हांस असे वाटते की, ती पटली म्हणूनच ते दुरावले. जे मागे टाकून निघालो तेच घाट चढून गेल्यावर बुद्धाच्या नावाने पुढे आले, हा त्यांच्या निराशेचा गाभा असावा. गोव्यातून बाहेर पडलेल्या त्या पिढीतील सुशिक्षिताला ग्रामदेवता, अवसर, कौल हे सारे अज्ञानाचे अवशेष वाटत. आणि आम्ही शिक्षक मंडळी तरी निराळे काय मानीत आलो? जत्रेच्या दिवशी शाळेतील पटावर गैरहजेरी मांडायची, आणि निबंधाला ‘आमच्या गावची जत्रा’ हा विषय द्यायचा, एवढाच आमचा तिच्याशी संबंध.

योगायोग असा की, वडिलांनी ज्याकडे पाठ फिरवली ते पाहण्याचे काम पुत्राने केले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा १९६२ चा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा ग्रंथ तिठ्यांवरील मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून तपासतो. प्राचीन लेणी, व्यापारी वाटा आणि मातृदेवतांची स्थाने एकमेकांच्या आसपास का आढळतात, याचा त्यात विचार आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहापाशी जे देवीचे देऊळ आहे ते येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांनी पाहिले होते. त्याचा अर्थ विचारणारे थोडे. दामोदरपंत श्रद्धाळू नव्हते; धर्माकडे पाहण्याची त्यांची दृष्टी वडिलांपेक्षाही कठोर होती. तरीही स्तूपाशेजारची देवी हा धर्माचा ऱ्हास नसून धर्माचा पाया असू शकतो, हे त्यांना दिसले. गोव्यातही ही पायवाट अगदीच अनोळखी नाही. कोलवाळच्या मुशीर वाड्यात १९३० साली फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली. ती मुंबईच्या हेरास संस्थेत आहे. शिरगावपासून फार दूर नसलेल्या लामगावच्या गुहाही काही संशोधक बौद्धांच्या मानतात. धर्मानंद बुद्धाच्या शोधात गोव्यातून निघाले त्या वेळी त्यांच्या पायाखालच्या मातीत एक बुद्ध होता, हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

‘निवेदना’नंतरच्या हिमालयवर्णनांशी तुलना केली म्हणजे या पृष्ठांची किंमत अधिक कळते. काका कालेलकरांनी १९१२ साली स्वामी आनंद आणि अनंतबुवा यांच्यासह केलेली हिमालययात्रा गुजरातीत लिहिली, आणि मराठी माणसाने लिहिलेले हे पुस्तक मराठीच्या आधी गुजरातीचे भूषण ठरले. त्यांचे शिष्य रवींद्र केळेकर यांच्या ‘हिमालयांत’ या कोंकणी प्रवासवर्णनाला १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कालेलकरांची प्रकृती रसिकाची. नदी दिसली की ते तिच्याशी बोलू लागतात. ती प्रकृती कोसंबींची नव्हे. परंतु आम्हांस स्पष्ट सांगितले पाहिजे की, कालेलकरांचे अनुकरण करणे सोपे गेले आणि त्याने मराठी प्रवासवर्णनाची हानी झाली. अनुकरणकर्त्यांनी त्यांचा आनंद उचलला, त्यामागची सांस्कृतिक साधना मागे ठेवली. अलीकडे गिर्यारोहणाची आवड वाढल्यापासून जी वर्णने छापली जातात त्यांत उंचीचे आकडे असतात, तंबूंची नावे असतात, थकव्याचे तपशील असतात, आणि वाटेत लागलेला गोम्पा हा चहा पिण्याच्या मुक्कामाइतकाच महत्त्वाचा असतो. पताका फडफडत होत्या, लामा हसला, मन शांत झाले. कोसंबींना निराश तरी होता आले! ज्याने त्या भूमीकडून काही मागितलेलेच नाही त्याला निराशाही कशी मिळणार?

येथे कोणी म्हणेल की, प्रवासवर्णनात एखादे पवित्र खोरे बरोबर वाचले काय किंवा चुकीचे वाचले काय, त्याने जगाचे काय बिघडते? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. पश्चिम सिक्कीममध्ये युक्सोम हे गाव आहे. तीन लामांनी १६४२ साली तेथे पहिल्या छोग्यालाचा अभिषेक केला. त्या परिसराला बौद्ध ‘देमाजोंग’ म्हणतात. गुरू पद्मसंभवाने संकटकाळासाठी झाकून ठेवलेल्या गुप्त खोऱ्यांपैकी ते एक. तेथील रातोंग छू या नदीवर जलविद्युत प्रकल्प घातला गेला, तेव्हा लोकांनी आणि लामांनी विरोध करताना आपला एक धार्मिक ग्रंथ, ‘नेसोल’, पुढे केला. कोणते सरोवर, कोणता खडक, कोणता प्रवाह कोणत्या देवतेचा, हे त्यात नमूद होते. १९९७ साली सरकारने तो प्रकल्प सोडून दिला. २०१६ मध्ये कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान जागतिक वारशाच्या यादीत आले, तेही निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही कारणांसाठी. भारतातील असे ते पहिलेच स्थळ. विरोधाला इतरही कारणे होती, हे खरे. पण भूमीचे पावित्र्य लिहिलेले होते म्हणून ते सरकारदरबारी बोलू शकले, हेही तितकेच खरे.

शिरगावजवळ असा ग्रंथ नाही. तेथे लोहखनिजाच्या खाणी आल्या, डोंगर पोखरले गेले, शेतात गाळ आला, विहिरी आणि झरे आटल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. खाणी २०१२ साली बंद झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवान्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, आणि २०२२ पासून लिलावाने नवे पट्टे देण्यास प्रारंभ झाला. त्या पट्ट्यांच्या हद्दीत मये, मुळगाव, लामगाव, शिरगाव ही नावे येतात. सात बहिणींपैकी तिघींची गावे त्या चार नावांत आहेत. कागदावर मात्र ती केवळ सर्वे क्रमांक आणि खनिजाचे टन आहेत. बहिणींची कथा मौखिक, व्रत मौखिक, वाटा धोंडांच्या पायांना ठाऊक. साहित्यिकांनी त्या भूमीला जत्रेच्या एका रात्रीपलीकडे वाचलेच नाही. हा दोष खाणवाल्यांच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येत नाही.

तथापि येथवर आल्यावर आमच्याच युक्तिवादाला एक अडथळा येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. सहा जणांचा मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले. त्यानंतरच्या दिवसांत आम्ही काही जत्रावर्णने पुन्हा काढून वाचली; त्यांतील काही आमच्या पिढीतील चांगल्या लेखकांची आहेत. मोगऱ्याचा वास, निखाऱ्यांची लाली, भाविकांचा महापूर. तो महापूर किती अरुंद उतारावरून जातो, हे एकातही आम्हांस आढळले नाही. भक्तिभावाने भारलेली लेखणी काय पाहत नाही, याचा इतका कठोर धडा आम्हांस पूर्वी मिळाला नव्हता. धर्मानंद तेथे असते तर बहिणींच्या नात्यांची चौकशी त्यांनी कदाचित केली नसती. पण तळी, उतार, गर्दी आणि माणसांची तारांबळ यांविषयी चार सरळ वाक्ये लिहिली असती. नेपाळाविषयीच्या त्यांच्या पृष्ठांत जे उणे आहे आणि जे मोलाचे आहे ते एकाच मुळापासून निघते. देवतेपुढे त्यांची दृष्टी मवाळ होत नाही. म्हणून हारितीला त्यांच्या निष्कर्षात स्थान नाही, आणि म्हणूनच त्या खोऱ्यातील दैन्य त्यांच्यापासून लपले नाही.

ते खोऱ्यातून उतरले ते बोधगयेला. तेथे त्यांना सिंहलद्वीपाकडे जाण्याचा सल्ला मिळाला, त्याच वर्षी ते कोलंबोस पोहोचले, आणि पुढे मराठीला ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘भगवान बुद्ध’ हे ग्रंथ लाभले. नेपाळात त्यांना गुरू भेटला असता तर हे पाली वाङ्मय मराठीत इतक्या लवकर आले असते काय, याचा तर्क करीत बसण्यात अर्थ नाही.

नेपाळची कथा मात्र तेथे संपली नाही. त्यांनी शोधले होते ते गृहत्यागी भिक्षू पुढे त्या खोऱ्यात आले. काही नेवार तरुणांना कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांनी दीक्षा दिली होती, ज्यांनी १९५६ साली नागपुरास डॉ. आंबेडकरांनाही दीक्षा दिली तेच हे महास्थविर. १९४४ मध्ये राणा सरकारने या भिक्षूंना देशाबाहेर घालवले, १९४६ मध्ये परत येऊ दिले. पुढच्याच वर्षी, ४ जून १९४७ रोजी, कोसंबींनी सेवाग्रामी देह ठेवला. आज स्वयंभूच्या टेकडीच्या पायथ्याशी पाली सूत्रांचे पठण करणारे भिक्षू राहतात, आणि वर स्तूपाशेजारी अजिमेच्या देवळापुढे लहान मुलांना कडेवर घेतलेल्या बायांची रांग लागते. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला घालवलेले नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. नेवारांत अजिमेला बहिणी आहेत असे आम्ही नंतर वाचले, आणि येत्या पंचमीनंतर तो परत वर्गात येईल तेव्हा त्याला तेवढे तरी सांगायचे आहे.